देश बुडणार म्हणून तांदळाचे कट्टे: एका मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर काकाजींनी एक मेसेज टाकला. सकाळी सव्वासहाला. वर लाल दिवे, खाली 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. दुपारपर्यंत तोच मेसेज मला सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या आणि नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानदारांच्या ग्रुपवरही मिळाला. मजकूर थोडक्यात असा: देशाची अर्थव्यवस्था लवकरच कोसळणार, बँका एका रात्रीत बंद होणार, नव्या कायद्यानं तुमच्या ठेवी बँकच गिळणार. म्हणून सगळा पैसा आजच काढा, सोनं घेऊन घरात ठेवा, वर्षभराचं धान्य भरा आणि मिळेल तेवढं कर्ज घ्या, कारण नंतर ते फेडावंच लागणार नाही.

मी इतवारीतल्या आठ-दहा दुकानांचे हिशेब लिहितो. अर्थतज्ज्ञ नाही. पण पैसा कुठे अडकतो आणि अडकला की माणूस कसा कासावीस होतो, हे रोज पाहतो. म्हणून काकाजींना ग्रुपवर 'फेक आहे' एवढंच लिहून सोडलं नाही. एकेक मुद्दा घेतला.

'अर्थव्यवस्था कोसळणार'

'आपल्याकडे असं होऊच शकत नाही' असं मी म्हणणार नाही. १९९१ मध्ये आपण काठावरच होतो. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. आधी २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, मग ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण ठेवलं. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं. श्रीलंका तर २०२२ मध्ये खरोखरच कोसळली.

पण कोसळणं दिसतं कसं, तेच या मेसेजवाल्याला माहीत नाही. श्रीलंकेत बँकांना एका रात्रीत कुलपं लागली नाहीत. पेट्रोलच्या रांगा लागल्या, मग क्यूआर कोड दाखवून आठवड्याचे ठरावीक लिटर मिळायला लागले. कागद नव्हता म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात गेला. म्हणजे वर्षापूर्वी कपाटात ठेवलेल्या १०० रुपयांत आता ५९ रुपयांचाच माल येणार. पासबुकातला आकडा तसाच, कपाटातली नोटही तशीच, फक्त पिशवी हलकी. आता पुढचे मुद्दे या ५९ रुपयांवर घासून बघा.

'नव्या कायद्यानं बँक ठेवी गिळणार'

हा मुद्दा २०१७ पासून फिरतोय. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभेत एक विधेयक आलं होतं, एफआरडीआय नावाचं. बँक डबघाईला आली तर ठेवीदारांच्या पैशातून ती सावरण्याची तरतूद त्यात होती. लोक घाबरले आणि त्यात काही चूक नव्हती. पण ऑगस्ट २०१८ मध्ये ते विधेयक मागे घेतलं गेलं. मेसेज मात्र कुणी मागे घेतला नाही.

त्याच्यासोबत पासबुकावरच्या शिक्क्याचा जो फोटो येतो, 'बँक बुडाल्यास फक्त एक लाख', तोही शिळा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा पाच लाखांचा आहे. यात तीन गोष्टी लोक विसरतात. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या सीताबर्डी, सदर आणि महाल अशा तीन शाखांत ठेवी असल्या तरी बेरीज एकच. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत हा विम्याचा पैसा मिळायला हवा.

९० दिवस. याचा अर्थ तीन महिने घर चालवायला दुसरीकडे काहीतरी पाहिजे. मेसेजमध्ये सत्याचा कण कुठे असेल तर इथे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता येत होते. ग्रीसमध्ये २०१५ साली एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत. पैसा बुडण्याआधी तो अडकतो. म्हणून पगार एका बँकेत, तर सहा महिन्यांच्या खर्चाची ठेव दुसऱ्या बँकेत. आणि दोन्हीकडे नॉमिनी. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, तरी मी ज्यांचे हिशेब लिहितो त्यातल्या निम्म्यांनी ते केलेलं नाही.

'सगळा पैसा काढून घरात ठेवा'

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र नागपुरात कुणाला सांगायला नको. आमच्या आईनं आधी पोह्याचा डबा उपडा केला. मग लोणच्याच्या बरणीमागचं पाकीट, मग गादीखालची पिशवी, शेवटी देवघरातल्या पोथीच्या बासनातून घड्या घातलेल्या पाचशेच्या नोटा. बाबा नुसते बघत होते. तेवीस हजार पाचशे निघाले. "तुमच्याच दवाखान्यासाठी ठेवले होते," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही रांगेत. चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्के नोटा त्या रात्री बाद झाल्या होत्या. बँकेतला पैसा निदान हळूहळू तरी मिळत होता. घरातली पाचशेची नोट मात्र बँकेत नेऊन भरेपर्यंत नुसता कागद.

घरात रोख ठेवावी, एक महिन्याच्या किराणा-दूध-औषधांपुरती, आणि ती शंभर-दोनशेच्या नोटांत. नेट बंद पडलं, सर्व्हर बसला, घरातलं कुणी अचानक दवाखान्यात गेलं, तर ती उपयोगी पडते. जन्मभराची कमाई बेडच्या पेटीत ठेवणं म्हणजे महागाईला आणि चोराला एकदम आमंत्रण.

'वर्षभराचं धान्य भरा'

यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हा सल्ला इकडच्या माणसाला लगेच पटतो. वर्षाचा गहू भरणं ही विदर्भातली जुनीच रीत. पण आजी गहू कडक उन्हात वाळवायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायची, तुरीच्या डाळीला एरंडेलाचं बोट फिरवायची. घाबरून भरलेलं धान्य असं नसतं.

२०२० च्या मार्चअखेर आमच्या समोरच्या घरी तांदळाचे तीन कट्टे, गव्हाचा एक आणि पंधरा किलो तूरडाळ आली. घरात माणसं चार. जागा नाही म्हणून कट्टे प्लास्टिकसकट स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवले. त्या भिंतीला मे महिन्यात दुपारी हात लावून बघा. वर जूनमध्ये पाऊस आणि ओल. ऑगस्टात वहिनींनी तिसरा कट्टा उघडला तर तांदळाला जाळी धरलेली. मूठभर परातीत टाकला तर दाणे चालायलाच लागले. पोरकिडे. दोन दिवस गच्चीवर वाळवणं, चाळणं, पाखडणं झालं आणि शेवटी अर्धा कट्टा पाखरांना.

आणि कोरोनाच्या त्या दोन वर्षांत नागपुरात कमी काय पडलं होतं? तांदूळ नाही. किराणा ओळीतला माल येतच होता. १५ मार्च २०२१ पासून शहरात कडक लॉकडाऊन लागला आणि पुढच्या दीड महिन्यात माणसं पळत होती ती बेडसाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिवीरसाठी. त्या दिवसांत कामी आला तो ज्याच्या ओळखीत कुणीतरी वॉर्डबॉय होता तो माणूस, खात्यात तयार पैसा आणि आरोग्य विम्याचं कार्ड.

दुसरी चूक याहून मोठी. रुपया कोसळला तर आधी काय महागेल? जे बाहेरून येतं ते. गहू-तांदूळ आपण पिकवतो, तांदूळ तर निर्यातही करतो. खायच्या तेलाचं मात्र निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, कच्च्या तेलाचं तर ८५ टक्क्यांवर. स्वयंपाकाच्या गॅसचंही निम्म्याहून अधिक. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात थांबवली, तर त्याची झळ सोयाबीन पिकवणाऱ्या आमच्या विदर्भातल्या तेलाच्या पाकिटालाही. मग साठवायचंच असेल तर नेमकं ते, जे साठवता येत नाही. तेल फार दिवस ठेवलं की खवट होतं आणि पेट्रोलचे कॅन नागपूरच्या उन्हाळ्यात घरात ठेवणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, लांब उभा राहीन.

महिना-दीड महिन्याचा किराणा असू द्या, वापरत-भरत राहा. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या जास्त ठेवा. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं असू द्या. बस.

'सोनं घ्या, त्याला कुणी हात लावू शकत नाही'

सोनं टिकतं, हे खरं. सरकारनंही १९९१ मध्ये सोनंच गहाण ठेवलं होतं. पण हात लावू शकत नाही? १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी होती. १९६८ च्या कायद्यानं सामान्य माणसाला सोन्याची बिस्किटं बाळगायला मनाई केली आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. अडचण आली की सरकारची नजर आधी सोन्याकडेच जाते.

बाकी हिशेब सराफा ओळीतला. १२ टक्के घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी धरला तर १०० रुपयांच्या सोन्याला तुम्ही ११५ मोजता, आणि विकताना घडणावळ कुणी देत नाही. बँकेतून रोख काढून सोनं घ्यायचं तर दोन लाख किंवा त्याहून जास्तीचा व्यवहार रोखीनं चालतच नाही. लॉकर फोडला गेला किंवा आगीत गेला तरी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. घरातल्या बचतीचा दहावा हिस्सा सोन्यात असेल तर छान. सगळंच सोन्यात असेल तर आजारपणात रात्री दोन वाजता बांगडी घेऊन कुठं जाणार?

'कर्ज घ्या, फेडावं लागणार नाही'

महागाईत जुनं कर्ज हलकं होतं हे खरं आहे. व्याज स्थिर असेल आणि पगार महागाईच्या जोडीनं वाढत असेल तर. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बहुतेक नवी गृहकर्जं रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना पैसे देते त्या दराला, बांधलेली आहेत; तो चढला की हप्ताही चढतो. श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेनं एप्रिल २०२२ मध्ये दर एका झटक्यात ७ टक्क्यांनी चढवले होते. तसं इथं झालं तर २० वर्षांच्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता २६ हजारांवरून साडेचाळीस हजारांवर. आणि त्याच वर्षी बुटीबोरीतला कारखाना ओव्हरटाइम बंद करतो. मेसेज लिहिणारा हप्ता भरायला येत नाही.

एवढं सगळं मी टाइप केलं. काकाजींचा फोन आला. "अरे बाप्पा, तू त माह्या मागेच लागला! मी काय, आलं ते पुढं ढकललं." मग जरा थांबून म्हणाले, "माझा पैसा सरकारी बँकेत नाहीच. मी कवाचाच काढला."

कुठं ठेवला ते विचारलं. निवृत्तीचे अकरा लाख, घराजवळच्या एका पतसंस्थेत. व्याज दोन टक्के जास्त, संचालक ओळखीचे, संक्रांतीला तिळगुळाचा डबा घरी येतो. ठेव ठेवताना 'नाममात्र सभासद' म्हणून सही घेतली होती, ती कशाची हे त्यांना ठाऊक नव्हतं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही आणि ठेव विम्याचे पाच लाख तिथं लागू नाहीत. देश बुडाला तर म्हणून घाबरलेला माणूस, एक संचालक मंडळ बुडालं तर काय याचा विचार न करता झोपत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटरवर बसवून तिथं गेलो आणि मुदतपूर्व रकमेचा अर्ज भरला. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, पाणी दिलं. म्हणाला, साहेब मंगळवारी येतात, सही झाली की चेक तयार.

तीन मंगळवार झाले.