भंडारदऱ्यात तंबू ठोकताय? पाण्यापासून वर सरका

भंडारदऱ्याला तंबू अगदी पाण्याला टेकवून लावायची जी पद्धत पडली आहे, ती मोडायला हवी. इथला जलाशय, म्हणजे ऑर्थर लेक, हे नैसर्गिक तळं नव्हे. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेलं प्रवरेचं पाणी आहे ते. पावसाळ्यात भरतं, पुढे खालच्या शेतीसाठी आवर्तनं (कालव्यांची पाणी सोडण्याची पाळी) सुटतील तसं उतरत जातं. त्यामुळे उन्हाळ्यात जो सपाट, मोकळा काठ दिसतो तो खरा जलाशयाचा तळ असतो. वरून वाळलेला, भेगाळलेला, आत मऊ गाळ. त्यात खुंटी धरत नाही, वारा सुटला की उपसून येते. गाडी घातली तर चाकं रुततात. पोहणाऱ्याचा पाय त्याच गाळात अडकतो आणि जुन्या नदीपात्राकडे तळ एकदम खचतो. कितीही चांगलं पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेटशिवाय उतरू नका.

हिवाळ्यात आणखी एक कारण. रात्री डोंगरावरची गार हवा उताराने खाली येते आणि पाण्यालगतच्या सखल जागेत साचते. थंडी तिथेच जास्त, दवही तिथेच जास्त. पहाटे तंबू आतून ओला दिसला की लोक म्हणतात गळतोय. बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासातली वाफ असते, गार कापडावर जमलेली. थंडी वाजते म्हणून सगळ्या जाळ्या बंद केल्या की हे हमखास होणार. वरची झडप उघडी ठेवा आणि बाहेरचा फ्लाय, म्हणजे वरचं आच्छादन, आतल्या कापडाला टेकणार नाही इतका ताणा. उबेसाठी पांघरुणापेक्षा खालच्या मॅटवर खर्च करा, कारण अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब देत नाही. निखाऱ्यांची शेगडी किंवा गॅस तंबूत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

जागा म्हणाल तर काठापासून वीस-पंचवीस फूट उंचावरची, भात काढून झालेली खाचरं. मालकाला विचारून, पैसे देऊन. धसकटं टोचून तंबूचा तळ फाटतो, म्हणून खाली जाड ताडपत्री घाला, पण तिच्या कडा तंबूबाहेर ठेवू नका. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेलं पाणी थेट तुमच्या अंथरुणाखाली येतं. खुंटी तिरकी ठोका, टोक तंबूकडे आणि डोकं बाहेर. मुरमाड जमिनीत अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात, लोखंडी न्या. बांधावर मात्र एकही ठोकू नका. बांध ढासळला की पुढच्या पावसात खाचरात पाणी ठरत नाही, आणि ते नुकसान शेतकऱ्याचं.

शौचासाठी पाण्यापासून किमान दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. ओले पुसणी कागद (वेट वाइप्स) मातीत कुजत नाहीत, ते पिशवीत भरून परत न्या.

पावसाळ्यात तंबू नकोच. खाचरांत आवणी (भाताची लावणी) चाललेली असते, जवळच्या घाटघरकडे वारा-पाऊस कापड टिकू देत नाही. रतनवाडी किंवा साम्रद या गावांत कुणाच्या घरी राहा, गरम भाकरी खा. साम्रदजवळच्या अरुंद सांदण दरीत त्या दिवसांत उतरायचं नाही.

सगळ्यात जास्त काळजी हवी ती काजव्यांच्या दिवसांत, मेअखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत. काजव्याचं चमकणं हे नर-मादीचं बोलणं आहे. नर चमकतो, मादी उत्तर देते, त्यातून जोडी जुळते. हेडलाइट, मोबाइलचा फ्लॅश, विजेऱ्या यांच्या उजेडात ते उत्तर दिसतच नाही, आणि या प्रौढ अवस्थेतलं आयुष्य मोजक्याच आठवड्यांचं. त्यांच्या अळ्या पालापाचोळ्यात आणि ओलसर मातीत वाढतात, म्हणून झाडाखाली घोळक्याने तुडवणं म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे चिरडणं. गाडी गावातच लावा, दिवे बंद करून रस्त्यावरूनच बघा. विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधा आणि ती जमिनीकडेच धरा, कारण फुरसं आणि घोणस याच दिवसांत वाटेवर असतात. घोट्यापर्यंतचे बूट घाला. स्पीकर घरी ठेवा. आजूबाजूचं बरंच जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्या आणि रात्री कुठे थांबता येईल ते तिथेच विचारून घ्या.