गेज जुळला म्हणून गाडी चालेलच असं नाही

जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांबद्दल एक सल्ला सारखा फिरत असतो: “गेज 16.5 मिमी आहे ना? मग नव्या रुळावर बिनधास्त चालवा. सांध्यावर (एका मार्गातून दुसरा फुटतो तिथे) घसरली तर चाकं झिजलीत समजा, आणि जागची हललीच नाही तर मोटर गेली.” तिन्ही वाक्यांत गफलत आहे.

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एवढंच. चाकाची कड, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूला खाली उतरणारा भाग, किती खोल आहे हे त्यातून कळत नाही. ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या चाकांना चांगली ठसठशीत कड असते; जमिनीवर वेडेवाकडे जोडलेले रूळही ती निभावून नेते. आजचा कोड 75 रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) मात्र जेमतेम 1.9 मिमी उंच. त्यावर ही कड रूळ धरून ठेवणाऱ्या बारीक क्लिपांना घासते आणि गाडी खडखडत जाते. 2.54 मिमी उंचीच्या कोड 100 वर सरळ रुळाला सहसा अडचण येत नाही.

अडचण येते ती सांध्यावर, आणि तिथे झिजेचा आरोप तर अगदीच उलटा. कड जाड असते, शिवाय दोन चाकांच्या पाठींमधलं अंतरही कमी. आजच्या ओओ (याच 16.5 मिमी गेजचं ब्रिटिश माप) चाकांत ते साधारण 14.5 मिमी असतं. त्यामुळे जुनं चाक सांध्याच्या अरुंद खाचेत मावत नाही, वर चढतं. डब्यांची चाकं बदलता येतात. इंजिनाची कड कानशीनं घासायला मात्र मी कुणालाही सांगणार नाही.

आता मोटर. 1938 साली आलेली हॉर्नबी डब्लो ही ब्रिटिश खेळण्यातली विजेची आगगाडी तीन रुळांची होती: वीज मधल्या रुळातून यायची, बाहेरच्या दोन्हींतून परत जायची. म्हणून डाव्या-उजव्या चाकांत इन्सुलेशन ठेवायची गरजच नव्हती. तीच गाडी दोन रुळांच्या मार्गावर ठेवली की आस दोन्ही रूळ जोडतो आणि शॉर्ट होतो. मोटर बिचारी ठणठणीत असते! डब्लोनं 1959 मध्ये दोन रुळांच्या गाड्याही काढल्या, तेव्हा नुसतं नाव वाचून भागत नाही. मल्टिमीटरची टोकं एकाच आसाच्या दोन चाकांना लावा. बीप वाजली, म्हणजे दोन्ही चाकं विजेनं जोडलेली असली, तर ती गाडी दोन रुळांवर ठेवू नका.

बीप वाजली नाही, तरी रुळाला डीसीसी (गाड्यांना डिजिटल संदेश पाठवणारी आजची नियंत्रण पद्धत) जोडलेलं नाही ना, ते बघा. डिकोडर (ते संदेश वाचणारी चिप) नसलेली जुनी डीसी, म्हणजे एकदिश विजेवरची, मोटर त्यावर जागच्या जागी गुणगुणत तापते, आणि मग मात्र खरंच जाते.