परदेशातून : पेनरिथची पोरे आणि लालबागचे मंडळ

2 ऑक्टोबर 2022 च्या रात्री सिडनीच्या होमबुशमधील स्टेडियममध्ये, ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांत, मी पॅरामॅटा संघाची निळी-पिवळी जर्सी घालून बसलो होतो. रग्बी लीग या रग्बीच्याच एका प्रकारातल्या ऑस्ट्रेलियातील मुख्य स्पर्धेचा अंतिम सामना होता, समोर शेजारचेच पेनरिथ होते आणि आमच्या संघाने 1986 नंतर एकदाही विजेतेपद पाहिले नव्हते. मध्यंतरालाच पेनरिथने 18-0 अशी आघाडी घेतली आणि शेवटी आम्ही 28-12 असे हरलो. त्या हाराकिरीचे दुःख आजही गेलेले नाही. पण त्या रात्रीचे माझ्या मनात सर्वांत ठळक राहिले आहे ते पुढच्या रांगेतल्या एका सामोअन आजीचे रूप. पेनरिथच्या ब्रायन टोओने ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) नोंदवला, की ती मांडीवरच्या नातवाचा हात धरून मैदानाकडे दाखवी आणि म्हणे, ‘हा आपल्याकडचा.’

ते खरेच होते. टोओ, जरोम लुआई आणि स्टीफन क्रायटन हे तिघेही पश्चिम सिडनीतल्या माउंट ड्रुइट या कष्टकरी वस्तीच्या परिसरात वाढलेले आणि पेनरिथच्या स्थानिक क्लबांतून वर आलेले आहेत. पेनरिथने 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदे जिंकली, तीही खेळाडूंच्या एकूण मानधनाची कमाल मर्यादा सर्व क्लबांना सारखीच लागू असताना. ही मर्यादा मोडल्याबद्दल मेलबर्न संघाची 2007 आणि 2009 ची विजेतेपदे 2010 मध्ये काढून घेण्यात आली होती. मर्यादेमुळे विजेत्या संघाला खेळाडू गमवावे लागतात, तसे क्रायटन आणि लुआईही पुढे दुसऱ्या क्लबांकडे गेले. मात्र त्यांच्या जागी उभी राहायला खालून आणखी पोरे तयार होत होती.

आमच्या लालबागच्या जुन्या कबड्डी मंडळातील मित्रांमध्ये प्रो कबड्डीवरून 2014 पासून वाद चालू आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की लिलावाने खेळाडूला मंडळापासून तोडले. दुसऱ्या बाजूचे असे, की मॅट आणि पैसा आला नसता, तर आपली पोरे नोकरीच्या आशेवरच खेळत राहिली असती. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण चुन्याच्या रेषा आखलेल्या मातीवर गुडघे फोडून घेतलेल्या माझ्या पिढीतल्या उत्तम चढाईपटूंना खेळाने फारसे काही दिले नाही. पण व्यावसायिक संघ आणि गावाची मंडळे यांत जो धागा असायला हवा, तो आपल्याकडे फारच विरळ आहे, आणि पहिल्या बाजूची खरी वेदना तीच आहे, असे मला वाटते. पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता आणि संघाची भिस्त स्वतः घडवलेल्या तरुणांवर होती. म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकते.

इथले सगळेच उचलण्यासारखे नाही. न्यू साउथ वेल्समधील मोठ्या लीग क्लबांचे उत्पन्न बऱ्याच अंशी पोकर यंत्रांतून, म्हणजे जुगारातून येते आणि त्याची झळ गरीब वस्त्यांनाच अधिक बसते. त्या पैशावर कबड्डी उभी राहावी, असे मी कधीही म्हणणार नाही.

मला हवे आहे ते शनिवारी सकाळी आमच्या घराजवळच्या मैदानावर दिसते. आठ वर्षांखालच्या मुलांचा सामना असतो, कुणाचा तरी बाप पहाटे येऊन कोपऱ्यांवर झेंडे रोवतो, मध्यंतराला संत्र्याच्या फोडी वाटल्या जातात आणि यातले कुणीही पगारी नसते. आमच्या मंडळातही हेच होते. संत्र्यांऐवजी लिंबू-मीठ असे, एवढाच फरक. प्रो कबड्डीच्या लिलावात एखाद्या मुलाला लाखो रुपये मिळतात, तेव्हा त्याला ‘चढाईला जा’ असे पहिल्यांदा सांगणाऱ्या मंडळाकडे त्यातला ठरावीक वाटा नियमाने जावा, असे मी गेल्या आठवड्यात मित्रांना लिहिले. उत्तरात एकाने मैदानाचा फोटो पाठवला : जिथे मधली रेषा असायची, तिथे आता गाड्या उभ्या आहेत.