एवढंसं बाळ, कशाला लगेच टोचायचं?

फॅमिली ग्रुपवर परत सुरू झालंय, एवढंसं बाळ, त्याला जन्मल्या जन्मल्या कशाला टोचायचं, थोडं अंग धरू दे मग बघू. लस नकोच म्हणणारं आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात मला तरी कोणी भेटलं नाही हो, पण हे "थोडं थांबू"वाले घरोघरी आहेत आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे.

थांबायचं कशासाठी ते तरी सांगा. हिपॅटायटिस बी चा पहिला डोस २४ तासांच्या आत देतात कारण आईच्या अंगात तो व्हायरस असला तर बाळंतपणातच बाळाला लागतो, आणि तेव्हा लागला की १० पैकी ९ बाळांना तो जन्मभराचा चिकटतो, पुढे मोठेपणी लिव्हर खराब नाहीतर कॅन्सर, मग सव्वा महिना झाल्यावर ती लस देऊन काय उपयोग? डांग्या खोकला पण तसाच, मोठ्यांना तो नुसता खोकला वाटतो आणि बाळ बघायला आलेले तेच पाहुणे तो तान्ह्याला देऊन जातात, त्या वयात श्वासच अडकतो. म्हणून दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकच लस, त्यात डांग्या खोकलाही आला.

आणि जिथे खरंच थांबायला पाहिजे तिथे ते थांबतातच की! गोवर-रुबेलाची लस ९ महिने झाल्यावर देतात, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडीज त्याआधी लसीला नीट काम करू देत नाहीत. म्हणजे कधी द्यायची याचा विचार आमच्या आत्याबाईंच्या आधी कोणीतरी केलाय.

लसीने ऑटिझम होतो म्हणणारा व्हिडिओ प्लीज मला पाठवू नका, ज्या १९९८च्या पेपरवरून ते सुरू झालं तो लॅन्सेट या मेडिकल जर्नलने २०१०मध्येच मागे घेतलाय.

ताप येतो, मान्य. माझी लेक पेंटाच्या रात्री एवढी रडली की तिच्याबरोबर मी पण रडले. डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचे थेंब द्यायचे, बस. बीसीजी, म्हणजे टीबीची लस, टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, कधी पिकते पण, त्यावर हळद-बिळद लावत बसू नका. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलायची नसते, आणि एखादा डोस राहिलाच तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलाय तिथून पुढे.

बुधवारी ममता दिवस असतो, म्हणजे आमच्या गुजरातचा लसीकरणाचा दिवस, आंगणवाडीत फुकट मिळतं सगळं, तारीख विसरलात तर आशाबेनना, म्हणजे आशा वर्करना विचारा. आणि ममता कार्डाचा, म्हणजे लसींची नोंद असते त्या कार्डाचा फोटो काढून ठेवा, आमच्या वहिनींचं घर बदलताना हरवलं, आता कुठला डोस झाला नि कुठला नाही ते शोधत बसल्यात.