मॅग्नेट ‘उतरला’ म्हणून मोटर फेकू नका

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर असा : छोटी मोटर हळू किंवा अडखळत फिरत असेल तर तिचा मॅग्नेट उतरला, ती फेकून द्या. फेकायची नसेल तर आत तेलाचा फवारा मारा. जोर कमी वाटला तर 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा, कारण व्होल्टेज कमी पडलं की मोटर जळते. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर मोटर डुप्लिकेट आहे.

मी उद्यमबागेजवळ वीस वर्षं मोटरी रिवाइंड करतोय. या मेसेजपायी पोरांच्या धडधाकट मोटरी कचऱ्यात जाताना बघवत नाही.

आधी मॅग्नेट. या मोटरींत फेराइटचे दोन वक्र मॅग्नेट असतात आणि रोजच्या वापराने ते सहसा उतरत नाहीत. समजा उतरलेच, तर लक्षण नेमकं उलटं दिसेल. बिनभाराची मोटर आणखी जोरात पळेल, करंट जास्त खाईल आणि चाक जोडलं की मान टाकेल. फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये, म्हणजे शाफ्टवरच्या तारेच्या गुंडाळीत, पुरवठ्याच्या विरुद्ध व्होल्टेज तयार होत असतो. मॅग्नेट दुबळा असेल तर तेवढा व्होल्टेज गाठायला मोटरला वेग वाढवावा लागतो. म्हणजे मोकळी मोटरच रखडत असेल, तर मॅग्नेटला दोष देऊन उपयोग नाही.

मग दोष कुठे असतो? मागच्या हिवाळ्यात येळ्ळूरहून सातवीतली एक मुलगी वडिलांबरोबर पिवळ्या गिअरबॉक्सची बीओ मोटर (खेळण्यातल्या गाडीची, सेलवर चालणारी) घेऊन आली. सेल जोडला की कधी सुटायची, कधी नुसती गुणगुणायची, बोटाने ढकललं की पळायची. गिअरबॉक्समधून मोटर काढली, मागचे पत्र्याचे दोन कान उचलून झाकण उघडलं. कम्युटेटर म्हणजे शाफ्टवर बसवलेल्या तांब्याच्या तीन फाका. त्यांच्यामधल्या बारीक फटींत काळा, चिकट गाळ भरला होता.

“मेसेजमध्ये होतं म्हणून तेल मारलो बघा,” वडील म्हणाले.

तेलाची जागा एकच, शाफ्ट ज्या बुशात फिरतो तो बुश, आणि तिथेही सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब पुरे. फवारा मारला की तेल कम्युटेटरवर जातं, कम्युटेटरला टेकून वीज पोचवणारे ब्रश झिजून पडलेली धातूची भुकटी त्यात कालवली जाते आणि तो लगदा दोन फाकांमध्ये वीज वाहून नेतो. मी टूथपिकने फटी मोकळ्या केल्या, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तांबं पुसलं, पत्तीसारखे ब्रश हलकेच आत वाकवले. मोटर पहिल्या झटक्यात सुटली. एवढं करूनही एखादी मोटर ठरावीक जागीच अडत असेल, तर मल्टीमीटर ओहमवर ठेवून शाफ्ट सावकाश फिरवा. पूर्ण फेरीत आकडा साधारण सारखाच यायला हवा. एका टप्प्यात तो एकदम वेगळा दिसला तर बहुधा गुंडाळीची तार फाकेपाशी सुटलेली असते.

आता व्होल्टेज. मेसेजमधली ही भीती शेतातून आलीय आणि पंपाच्या बाबतीत ती रास्तच आहे. उसाला पाणी देणाऱ्या पंपाला व्होल्टेज कमी मिळाला तरी पाणी तेवढंच उचलावं लागतं, म्हणून तो जास्त करंट ओढतो आणि वाइंडिंग तापतं. सेलवरच्या डीसी मोटरचं तसं नाही. व्होल्टेज कमी झाला तर ती हळू फिरते, एवढंच. ती जळते ते चाक अडकून जागीच थांबली तर, किंवा 3 ते 6 व्होल्टच्या मोटरला त्याहून जास्त दिला तर. शिवाय त्या चौकोनी बॅटरीत सहा चिमुकले सेल असतात, त्यांना दोन मोटरींचा सुरुवातीचा करंट झेपत नाही. मोटर चालू असताना तिच्याच टोकांवर व्होल्टेज मोजा. गाडीला एल298एन ड्रायव्हर (सेल आणि मोटर यांच्यामधलं, मोटरीला वीज सोडणारं सर्किट) असेल तर साधारण 2 व्होल्ट तोच खातो. अशा गाडीला चार-सहा पेन्सिल सेल केव्हाही बरे.

डुप्लिकेटचा मुद्दा थोडक्यात. एकाच पाकिटातल्या दोन मोटरीही तंतोतंत सारख्या फिरत नाहीत. वेगवान असेल तिला आर्डुइनोच्या, म्हणजे गाडी चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या, प्रोग्रॅममधून थोडं आवरायचं. त्या मुलीची गाडी उजवीकडे ओढत होती, म्हणजे डावी मोटर पुढे. आधी चाकांत गुंतलेले केस काढले, मग उजवी 255 वरच, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वेगाच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर, ठेवून डावी एकेक आकड्याने खाली आणली. 238 ला गाडी दुकानातल्या फरशीची रेघ धरून सरळ दारापर्यंत गेली.