जर्मन लेआउट, आयएसओ आणि ‘पैसे उधळणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जर्मन लेआउटचा मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असलेला) जुळवण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर टीका केलीत, तर उत्तरही जरा ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: लेआउट (कुठल्या कळेवर कुठलं अक्षर) ही ऑपरेटिंग सिस्टिममधली गोष्ट आहे, सेटिंग बदललं की काम झालं. त्यासाठी वेगळा पीसीबी (सर्किट बोर्ड), वेगळी प्लेट (स्विच ज्यात बसतात ती पट्टी) आणि वेगळे कीकॅप (कळांच्या टोप्या) घेणं म्हणजे पैसे उधळणं. जर्मनीतले प्रोग्रामरच अमेरिकन लेआउट वापरतात. आणि मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याला उमलाउटचं (ä, ö, ü या टिंबवाल्या अक्षरांचं) एवढं कौतुक कशाला? शेवटचा टोमणा झोंबला, पण त्याचंही उत्तर आहे.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, तो फक्त ‘अमुक जागेवरची कळ दाबली’ एवढा आकडा पाठवतो. जर्मन लेआउटमध्ये झेड आणि वाय एकमेकांच्या जागी असतात, म्हणून जर्मन कीबोर्डवर झेड दाबला तरी यूएसबीवरून कोड जातो तो वायचाच. त्याचा झेड करते विंडोज किंवा लिनक्स. कीबोर्डाच्या आत चालणाऱ्या क्यूएमके या प्रोग्राममधून (फर्मवेअरमधून) थेट उमलाउट उमटवायचा म्हटलं तर प्रत्येक सिस्टिमवर वेगळी कसरत: लिनक्सवर कंट्रोल-शिफ्ट-यू, विंडोजवर वेगळं सॉफ्टवेअर. इथपर्यंत आपलं एकमत.

पण कळच जागेवर नसेल तर सेटिंग बदलून काय होणार? अमेरिकन एएनएसआय मांडणीत डावी शिफ्ट २.२५ युनिट रुंद असते (एक युनिट म्हणजे साध्या अक्षराच्या कळेची रुंदी). युरोपात चालणाऱ्या आयएसओ मांडणीत ती १.२५ युनिटची होते आणि उरलेल्या एका युनिटात एक जास्तीची कळ बसते. जर्मन लेआउटमध्ये < आणि > तिथे असतात, आणि ऑल्टजीआर (स्पेसबारच्या उजवीकडची ऑल्ट) धरला की | सुद्धा. एएनएसआय बोर्डाला विंडोजमध्ये जर्मन सेटिंग लावून बघा, ही तिन्ही चिन्हं टाकायला कळच उरत नाही. एचटीएमएलचा टॅग उघडायचा कुठून आणि शेलमध्ये पाइप द्यायचा कसा?

‘झेड आणि वायच्या कॅप उपटून अदलाबदल करा’ असंही तुम्ही सुचवलंय. डीएसए किंवा एक्सडीएसारख्या सपाट प्रोफाइलमध्ये (प्रोफाइल म्हणजे कॅपचा आकार) हे खुशाल चालतं. मला आवडतं ते चेरी प्रोफाइल, आणि त्यात प्रत्येक ओळीची उंची आणि उतार निराळा. सगळ्यात खालच्या ओळीचा झेड वर टी आणि यूच्या मध्ये बसवला की तो वाकड्या दातासारखा दिसतो. दिसण्याचं सोडा, बोटालाही तो दर वेळी खटकतो.

आता पैशांचं. वीस युरोचा साधा जर्मन कीबोर्ड दुकानात मिळतो हे मला ठाऊक आहे. ज्याला फक्त टाइप करायचंय त्याने तोच घ्यावा. मी हौस म्हणून केलं आणि लेखातही तसंच लिहिलं होतं. मात्र खर्च नेमका कशामुळे वाढतो हे तुमच्या प्रतिक्रियेत सुटलंय. आयएसओचा एन्टर दोन ओळींत उभा पसरतो, त्यामुळे त्याच्या स्विचची जागा एएनएसआय एन्टरपेक्षा वेगळी. सोल्डरिंगच्या पीसीबीवर दोन्हींसाठी भोकं पाडता येतात. हॉटस्वॉपमध्ये (सोल्डर न करता स्विच नुसते खोचायचे) खालचे सॉकेट एकमेकांवर आदळतात, म्हणून बनवणाऱ्याला बहुतेकदा एकच मांडणी निवडावी लागते. तो निवडतो अर्थातच एएनएसआय, कारण गिऱ्हाईक तिकडे जास्त. मग आयएसओवाल्याने हातात सोल्डरिंग गन तरी घ्यावी नाहीतर वाट तरी बघावी. मी गन घेतली.

त्या एन्टरचा स्टॅबिलायझरही (मोठी कळ तिरपी होऊ नये म्हणून खाली बसवलेली तार आणि तिचं घरटं) उभाच बसतो, आणि तो खडखडला की सगळ्या बोर्डाचा आवाज बिघडतो. तार बसवण्याआधी ती काचेवर आडवी ठेवून बघायची. दोन्ही पाय एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिला तरी पक्कडीने अगदी किंचित पीळ द्यायचा आणि पुन्हा काचेवर ठेवायची. मग तारेच्या वाकवलेल्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि घरट्याच्या आतल्या भिंतींना क्रायटॉक्स २०५जी० हे वंगण, तेही ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून. हे काम स्विच सोल्डर करण्याआधी उरकायचं, कारण नंतर स्टॅबिलायझर बाहेर काढायचा तर आधी स्विच उकलावे लागतात.

कीकॅपची तर आणखी गंमत. एमएक्स स्विचवाली चेरी कंपनी बव्हेरियातल्या आउअरबाखची. चेरीची डबलशॉट (दोन रंगांचं प्लास्टिक ओतून अक्षर घडवलेल्या) कॅपची जुनी यंत्रं ज्यांच्याकडे गेली ते जीएमके हिर्शाउचे. दोन्ही गावं एकाच आम्बेर्ग-सुल्त्सबाख जिल्ह्यात. तरीही जीएमकेच्या संचांची ग्रुप बाय (आगाऊ पैसे घेऊन एकत्र मागणी) निघते तेव्हा मूळ किट बहुधा अमेरिकन कळांचं असतं. जर्मन कळा येतात त्या नॉर्डिक आणि ब्रिटिश कळांसोबत बांधलेल्या ‘नॉरडीयूके’ नावाच्या वेगळ्या किटमध्ये, वेगळे पैसे मोजून. उधळपट्टी म्हणायचीच तर ती ही, आणि ती बाजाराने लादलेली आहे.

प्रोग्रामरांबद्दल तुमचं बरोबर आहे. जर्मन लेआउटमध्ये महिरपी कंस ऑल्टजीआर-७ आणि ऑल्टजीआर-० वर असतात, चौकटी कंस ८ आणि ९ वर. उजव्या अंगठ्याने ऑल्टजीआर धरून त्याच हाताचं बोट वर ताणायचं, दिवसभर. मॅकवर तर वेगळाच घोळ. तिथे @ ऑप्शन-एलवर असतो आणि ऑल्टजीआरच्या जागी कमांड. विंडोजच्या सवयीने त्या कळेसोबत क्यू दाबलात तर @ उमटायच्या ऐवजी ॲपच बंद होतं.

पण म्हणून मी अमेरिकन लेआउटकडे का वळू? ऑफिसचा लॅपटॉप जर्मन आहे, त्याचा स्वतःचा कीबोर्ड जर्मन आहे, त्यावर काहीही इन्स्टॉल करायची मुभा नाही, आणि दिवसातली निम्मी पत्रापत्री जर्मनमध्ये चालते. मी कॅप्सलॉकला लेयरची कळ केली. ती धरली की डी आणि एफवर महिरपी कंस, जे आणि केवर साधे कंस. २००४ पासून चालत आलेल्या ‘निओ’ या जर्मन लेआउटमधली ही कल्पना, मी फक्त उचलली. डी दाबला की कीबोर्ड माझ्या वतीने ऑल्टजीआर-७ पाठवतो. लॅपटॉपला यातलं काही कळत नाही आणि आयटीवाल्यांना कळायचं कारण नाही. वीस युरोच्या कीबोर्डात हे होत नाही.

आता मराठी. मी इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिपींच्या प्रमाणित लेआउटमध्ये) लिहितो, आणि इनस्क्रिप्टही कळेची जागाच बघतं, तिच्यावर काय छापलंय ते नाही. त्यामुळे माझ्या बोर्डवर दोन टिंबांच्या यूवर ड येतो, ओवर च, एवर ट. जर्मन झेडवर ब आणि डॅशच्या कळेवर य. खरा फायदा ‘ॉ’चा. एएनएसआयमध्ये तो वरच्या ओळीच्या पार टोकाला, एन्टरच्या डोक्यावर असतो. आयएसओमध्ये तीच कळ # म्हणून मधल्या ओळीत, टच्या अगदी शेजारी येते. डॉक्टर, ऑफिस, कॉलेज, ब्लॉग असले शब्द दिवसातून किती वेळा टाइप होतात ते बघा. करंगळी जागेवरून फारशी न हलवता ते होतात. तेव्हा मराठी ब्लॉगवाल्याला आयएसओ नको, हे काही पटलं नाही.

जाता जाता, पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकणाऱ्या भाच्यासाठी काय घ्यावं असं तुम्ही विचारलंत. त्याच्यासाठी मात्र यातलं काहीही घेऊ नका. आहे त्या अमेरिकन कीबोर्डवर त्याला युरकी लेआउट टाकून द्या. ऑल्टजीआर धरून ए, ओ, यू दाबले की उमलाउट आणि एस दाबला की एस्सेट (ß). लिनक्सवर ते आधीपासून असतं, विंडोजवर उतरवून घ्यावं लागतं. विंडोजमधलं यूएस-इंटरनॅशनलही चालेल, पण त्यात अवतरणचिन्ह पुढच्या अक्षराला चिकटायला बघतं आणि मुलं वैतागतात. पुढेमागे तो इकडे नोकरीला आलाच, तर मग आयएसओचं बघू.