डोळ्यांच्या कामाला प्रमाणपत्र हवंच
'जनरल नर्सिंग झालेली सिस्टर डोळ्यांचंही बघू शकते, वेगळं प्रमाणपत्र कशाला?' नेत्रविभागातल्या सिस्टरांवरच्या एका लेखातला हा सवाल मला मुळीच पटला नाही. मी नेत्रविभागात सिस्टर आहे. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालण्याआधी दमा आहे का, हे विचारावंच लागतं. थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि दमेकऱ्याला धाप लागू शकते. म्हणून थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशन टेबलावर लेन्सचा नंबर आणि डावा-उजवा डोळा ताडून पाहायचा, तो वेगळाच. जनरल वॉर्डात हे हातात बसत नाही.

अमेरिकेत नोंदणीकृत नर्सना नेत्रविभागातल्या अनुभवानंतर परीक्षा देऊन 'सीआरएनओ' हे नेत्रविभागातल्या नर्सिंगचं प्रमाणपत्र मिळवता येतं. मदुराईच्या अरविंद रुग्णालयात खेड्यातल्या बारावी झालेल्या मुलींना दोन वर्षं फक्त डोळ्यांचंच काम शिकवतात (त्या नोंदणीकृत नर्स नसतात, हेही सांगायला हवं). आपल्याकडे मात्र नेत्रविभागात तयार झालेली सिस्टर एका ऑर्डरवर प्रसूती वॉर्डात जाते आणि तिच्या जागी नवखी येते. नुसतं प्रमाणपत्र देऊन भागणार नाही, बदली आणि पगार ठरवताना ते धरलंही पाहिजे.